इंग्रजीतलं अर्धं वाक्य आणि धुरा मोडलेलं वाक्य

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. आर्वी तालुक्यातल्या एका गावात तुम्ही मराठी माध्यमाच्या आठवी ते दहावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेता. मुलांच्या वहीतली वाक्यं एक तर मध्येच तुटतात, नाहीतर पाच-पाच ओळी थांबायचं नाव घेत नाहीत. तुम्ही त्यांना सांगितलं, 'फार छोटं असेल तर अर्धं, फार लांब असेल तर रन-ऑन' (रन-ऑन म्हणजे मधला धुरा, शेतांमधला बांध, मोडून दोन-तीन वाक्यं एकात घुसलेलं वाक्य), आणि पुस्तकातली व्याख्याही दिली, 'ज्यातून पूर्ण अर्थ कळतो ते वाक्य'. तरी चुका तशाच राहिल्या. आता तुम्हाला अशी खूण हवी आहे, जी मूल स्वतः लावून पाहू शकेल.

मुलं कष्ट करतात, पण त्यांच्या हाती दिलेली दोन्ही मापं चुकीची आहेत. लांबीचं माप आधी घ्या. 'द रेन स्टॉप्ड.' तीन शब्द, आणि वाक्य पूर्ण. 'बिकॉज द रोड फ्रॉम अवर व्हिलेज टू आर्वी वॉज अंडर वॉटर फॉर टू डेज अँड नो बस कुड कम.' 19 शब्द, आणि वाक्य अर्धं. आता अर्थाचं माप लावा. 'ही डिड इट देअर.' कोणी, काय, कुठे, काहीच कळत नाही, तरी व्याकरणानं हे पूर्ण वाक्य आहे. उलट त्या 19 शब्दांतून रस्ता, पाणी, दोन दिवस, बस, सगळी बातमी मिळते, तरी ते वाक्य नाही. 'पूर्ण अर्थ' कळला की नाही हे मूल मनात ठरवतं, आणि लिहिणाऱ्याला स्वतःचा अर्थ नेहमीच पूर्ण वाटतो. म्हणून त्या व्याख्येनं स्वतःची चूक कधीच सापडत नाही. (इंग्रजी वाक्यं मी इथे देवनागरीत देतो आहे. वहीत ती रोमन लिपीतच लिहून घ्या, कारण मोठं अक्षर आणि पूर्णविराम डोळ्यांना दिसायला हवेत.)

ही चूक मराठी मुलांकडून इतकी का होते, ते आधी बघू. मराठीत क्रियापद शेवटी येतं. 'वावरात रात्रभर पाणी पडल्यामुळे आई आज घरीच थांबली.' 'थांबली' ऐकलं की वाक्य संपलं हे कानाला कळतं, पूर्णविराम असो वा नसो. जुन्या मोडी दप्तरांत विरामचिन्हं तर नसायचीच, दोन शब्दांमध्ये जागाही सोडत नसत, तरी माणसं ती वाचत होती. पूर्णविराम आणि स्वल्पविराम मराठीत रुजले ते एकोणिसाव्या शतकात, इंग्रजीवरून, आणि त्या कामाशी मेजर थॉमस कँडी यांचं नाव जोडलेलं आहे. इंग्रजीत हेच वाक्य 'मदर स्टेड अ‍ॅट होम टुडे बिकॉज इट रेन्ड ऑल नाइट' असं होतं. 'स्टेड' दुसऱ्याच शब्दावर आलं. पुढे वाक्य 'होम'वर संपू शकतं, 'टुडे'वर संपू शकतं, 'नाइट'वरही संपू शकतं. शेवटाची सूचना देणारा शब्दच नाही. ते काम एकट्या पूर्णविरामाला करावं लागतं, आणि मुलाला ते कधी करायचं याची सवय नसते.

दुसरी गोष्ट, मराठी क्रियापद स्वतःच्या पोटात कर्ता बाळगतं. 'काल बाजारात गेलो होतो' म्हटलं की 'मी' किंवा 'आम्ही' आपोआप कळतं. त्यामुळे मूल 'येस्टरडे वेन्ट टू मार्केट' लिहितं आणि त्यात काही कमी आहे असं त्याला वाटत नाही. 'माझे बाबा शेतकरी' असं आपण 'आहे'शिवाय सहज बोलतो, म्हणून 'माय फादर फार्मर' येतं. 'पाऊस आला, नाल्याला पूर आला, शाळा सुटली' हे स्वल्पविराम देऊन लिहिलेलं मराठी वाक्य उत्तम आहे. तेच इंग्रजीत तसंच्या तसं ठेवलं की तीन वाक्यांचे धुरे मोडले जातात. ही मुलं बिनडोकपणे लिहीत नसतात. मराठीचे नियम ती इंग्रजीत प्रामाणिकपणे पाळत असतात. हे त्यांना एकदा समजावून सांगा, कारण 'तुला वाक्यच लिहिता येत नाही' या शेऱ्यानं मूल लिहिणंच बंद करतं.

आता खूण. मी तीनच गोष्टी शोधायला लावतो: काळ दाखवणारं क्रियापद, त्याचा कर्ता, आणि जोडशब्द. यांतलं क्रियापद सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त वेळ.

क्रियापद ओळखायची कसोटी अशी. वाक्याच्या सुरुवातीला एकदा 'येस्टरडे' आणि एकदा 'टुमॉरो' लावायचं. जो शब्द बदलावा लागतो, ते त्या वाक्याचं क्रियापद. 'द बुलक्स पुल द कार्ट.' येस्टरडे लावलं की 'पुल्ड', टुमॉरो लावलं की 'विल पुल'. शब्द हलला, म्हणजे क्रियापद सापडलं. आता 'द बुलक्स पुलिंग द कार्ट' घ्या. येस्टरडे लावा, टुमॉरो लावा, 'पुलिंग' जागचं हलत नाही. म्हणजे इथे क्रियापदच नाही. 'टू पुल द कार्ट' चंही तेच.

इथे मुलांचं मराठी व्याकरण उपयोगी पडतं, ते वापरा. 'धातुसाधित' त्यांना मराठीच्या तासाला शिकवलेलं असतं: ओढणारे, ओढत, ओढायला, ओढलेली, ओढून. 'बैल बंडी ओढणारे' असं म्हणून थांबलं तर समोरचा विचारेल, 'ओढणारे काय झाले?' 'पुलिंग' म्हणजे ओढणारे किंवा ओढत, 'टू पुल' म्हणजे ओढायला, आणि 'पुल्ड बाय द बुलक्स' म्हणजे बैलांनी ओढलेली. ही तिन्ही धातुसाधितं आहेत आणि मराठीतही त्यांच्यावर वाक्य संपत नाही. हे एवढं पटलं की अर्ध्या वाक्यांचा मोठा भाग सुटतो. 'घरी येऊन, वासराला चारा टाकून' या वळणावरून आलेलं 'कमिंग होम अँड फीडिंग द काफ.' आणि 'पावसाचा दिवस असल्यामुळे' वरून आलेलं 'बीइंग अ रेनी डे.' ही दोन्ही याच खात्यातली.

एक जागा मात्र फसवी आहे. 'द कॉटन पिक्ड बाय द विमेन.' यातलं 'पिक्ड' भूतकाळासारखं दिसतं, म्हणून मूल त्याला क्रियापद समजतं. इंग्रजीत असंख्य क्रियापदांची दुसरी आणि तिसरी रूपं सारखी असतात, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही. अशा वेळी त्या जागी 'टेक' हे क्रियापद घालून पाहायचं, कारण त्याची रूपं वेगळी आहेत: 'टूक' आणि 'टेकन'. 'द कॉटन टूक बाय द विमेन' बसत नाही, 'द कॉटन टेकन बाय द विमेन' बसतं. 'टेकन' बसलं म्हणजे 'पिक्ड' हे तिसरं रूप, 'बायांनी वेचलेला कापूस', आणि वाक्याला अजून क्रियापद हवं. एक तर 'द कॉटन वॉज पिक्ड बाय द विमेन.' करा, नाहीतर पुढे काहीतरी घडू द्या: 'द कॉटन पिक्ड बाय द विमेन गॉट वेट.' उलट 'द विमेन पिक्ड द कॉटन' मध्ये 'टूक' बसतं, म्हणून ते पूर्ण. मुलांना सराव देताना हे वाक्यांचं त्रिकूट शेजारी-शेजारी लिहून द्या. एकेकटं दिलं तर फरक उमगत नाही.

सहायक क्रियापदांसकट सगळा गठ्ठा एकच क्रियापद धरायचा. 'हॅज बीन वर्किंग' हे एक, 'कुड नॉट कम' हे एक.

कर्ता शोधणं सोपं आहे: क्रियापदाआधी 'हू' किंवा 'व्हॉट' विचारायचं. लक्ष दोन ठिकाणी द्या. 'पाऊस पडतोय' वरून मुलं 'इज रेनिंग' लिहितात, तिथे 'इट' हवंच, त्याला अर्थ नसला तरी. 'आमच्या घराजवळ विहीर आहे' वरून 'निअर अवर हाउस इज वेल' येतं, तिथे 'देअर इज अ वेल निअर अवर हाउस.' आज्ञार्थी वाक्यात मात्र कर्ता लपलेला असतो. 'क्लोज द गेट.' हे पूर्ण वाक्य आहे, त्याला अर्धं ठरवू नका.

आता जोडशब्द, म्हणजे आपली उभयान्वयी अव्ययं आणि 'जो, जे' सारखी संबंधी सर्वनामं. इंग्रजीत कामाचे एवढे: अँड, बट, ऑर, सो, येट, नॉर, आणि 'कारण' या अर्थाचं फॉर. दुसऱ्या गटात बिकॉज, ऑल्दो, इफ, अनलेस, व्हेन, व्हाइल, सिन्स, अंटिल, बिफोर, आफ्टर, अ‍ॅज, दॅट, हू, विच, व्हूज, व्हेअर. दुसऱ्या गटातला शब्द ज्या वाक्याच्या तोंडाशी बसतो, ते गौण होतं. त्याला आधाराला मुख्य वाक्य लागतं, वेल मांडवाला धरते तसं.

आणि ही वजाबाकी, जिच्यावर मी सगळं उभं करतो. एका पूर्णविरामापासून पुढच्या पूर्णविरामापर्यंतची क्रियापदं मोजा. त्यातून क्रियापदांना जोडणारे जोडशब्द वजा करा. उत्तर 1 आलं तर वाक्य बरोबर. 0 आलं तर अर्धं. 2 किंवा जास्त आलं तर रन-ऑन.

वरचंच 19 शब्दांचं वाक्य घ्या. क्रियापदं दोन, 'वॉज' आणि 'कुड कम'. जोडशब्द दोन, 'बिकॉज' आणि 'अँड'. उत्तर 0, वाक्य अर्धं. 'द बस केम, वी सॅट इन इट.' क्रियापदं दोन, जोडशब्द एकही नाही, उत्तर 2, रन-ऑन. 'द फार्मर हू सोल्ड हिज कॉटन लास्ट वीक.' क्रियापद एक, 'सोल्ड', पण 'हू'सुद्धा एक, उत्तर 0. 'सोल्ड' हे 'हू'च्या मालकीचं झालं, शेतकऱ्याला स्वतःचं क्रियापद उरलंच नाही. 'बॉट अ पंप' जोडलं की हिशेब जुळतो.

या वजाबाकीत आपल्याकडची आणखी एक नेहमीची चूक आपोआप पकडली जाते. 'जरी... तरी' वरून 'ऑल्दो ही वॉज इल, बट ही केम टू स्कूल.' क्रियापदं दोन, जोडशब्द दोन, उत्तर 0. 'म्हणून' वरून आलेलं 'बिकॉज इट रेन्ड, सो वी स्टेड होम.' पण तसंच. मराठीला जोडशब्दांची जोडी लागते, इंग्रजीला एकच पुरतो. इथे 0 म्हणजे वाक्य अर्धं नाही, जोडशब्द एक जास्त झाला आहे. दोघांपैकी कोणताही एक काढा.

मोजताना चुकतं कुठे, ते आता सांगतो, कारण ही वजाबाकी आंधळेपणानं केली तर ती फसवते. 'कॉटन अँड सोयाबीन' मधलं 'अँड' दोन नामं जोडतं, ते मोजायचं नाही. 'आफ्टर स्कूल' मधलं 'आफ्टर' आणि 'बिकॉज ऑफ द हीट' मधलं 'बिकॉज ऑफ' यांच्यापुढे कर्ता-क्रियापद नाही, तेही मोजायचे नाहीत. 'व्हेन डिड यू कम?' मधलं 'व्हेन' प्रश्न विचारतं, जोडत नाही. 'दॅट डे' मधलं 'दॅट' म्हणजे 'तो', तेही सोडा. 'आय नो ही इज अ‍ॅट होम.' इथे क्रियापदं दोन आणि जोडशब्द दिसत नाही, तरी वाक्य बरोबर आहे, कारण 'नो'नंतर 'दॅट' गाळलेलं आहे. 'दॅट' घालून वाचता आलं तर ते मोजायचं. 'ही केम, सॅट डाउन अँड एट.' इथे कर्ता एकच आणि तीन क्रियापदांची माळ आहे. अशा माळेतला स्वल्पविराम जोडशब्दाच्या जागी धरायचा. आठवीला ही सगळी अपवादांची यादी एकदम देऊ नका. अडलं की एक सांगायचा.

रन-ऑनबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. पूर्णविराम म्हणजे दोन वावरांमधला धुरा, स्वल्पविराम म्हणजे एकाच वावरातला तास, नांगरानं ओढलेली सरी. दोन स्वतंत्र वाक्यांमध्ये नुसता तास ओढून वाटणी होत नाही. 'द पॉवर वेन्ट ऑफ, द पंप स्टॉप्ड.' हे दुरुस्त करायचे मार्ग तीन-चार आहेत, आणि कोणता घ्यायचा हे लिहिणाऱ्याला काय म्हणायचं आहे यावर ठरतं. दोन गोष्टी नुसत्या पाठोपाठ घडल्या तर 'द पॉवर वेन्ट ऑफ. द पंप स्टॉप्ड.' परिणाम दाखवायचा तर 'द पॉवर वेन्ट ऑफ, सो द पंप स्टॉप्ड.' पंप का थांबला हे महत्त्वाचं असेल तर 'द पंप स्टॉप्ड बिकॉज द पॉवर वेन्ट ऑफ.' अर्धविराम देऊनही चालतं, पण दहावीपर्यंतच्या मुलांना मी तो देत नाही. एकदा शिकवला की तो स्वल्पविरामाच्या जागी सगळीकडे पेरला जातो. दुरुस्तीची सवय पूर्णविरामापासून लावा, मग एकेक जोडशब्द.

काही शब्द जोडशब्दासारखे वागतात, पण ते नाहीत: देन, हाउएव्हर, देअरफोर, ऑल्सो, सडनली, आफ्टर दॅट. 'मग', 'पण', 'म्हणून' या अर्थानं मूल ते वापरतं आणि आधी स्वल्पविराम देतं. 'ही वेन्ट टू द शॉप, हाउएव्हर इट वॉज क्लोज्ड.' कसोटी सोपी आहे, तो शब्द हलवून पाहा. 'इट वॉज क्लोज्ड, हाउएव्हर' चालतं. 'हाउएव्हर' हलला, म्हणजे तो जोडशब्द नाही, त्याच्याआधी पूर्णविराम हवा. 'बट' असा हलत नाही: 'इट वॉज क्लोज्ड बट' म्हणता येत नाही. म्हणून 'बट' जोडतो.

'वी गॉट अप अँड वी टूक बाथ अँड वी वेन्ट टू द टेम्पल अँड वी केम बॅक' हे 'आणि मग, आणि मग' वळणाचं वाक्य काय समजायचं? वजाबाकी करा: क्रियापदं चार, 'अँड' तीन, उत्तर 1. व्याकरणानं चूक नाही, फक्त वाचायला कंटाळवाणं आहे. त्याला रन-ऑन म्हणू नका, नाहीतर मुलाच्या मनात 'लांब म्हणजे चूक' हेच पुन्हा बसेल. एका वाक्यात दोनपेक्षा जास्त 'अँड' क्रियापदांना जोडायला वापरायचे नाहीत, एवढा घरचा नियम पुरे.

आता एक परिच्छेद जवळून पाहू. पोळ्यावर मुलं साधारण असं लिहितात: 'पोळा इज द फेस्टिव्हल ऑफ बुलक्स. सेलिब्रेटेड इन द मंथ ऑफ श्रावण. ऑन दॅट डे वी वॉश द बुलक्स, वी पेंट देअर हॉर्न्स, माय मदर मेक्स पुरणपोळी. बिकॉज द बुलक्स वर्क ऑल इयर. देन वी टेक देम टू द मारुती टेम्पल. द नेक्स्ट डे इज तान्हा पोळा, चिल्ड्रन ब्रिंग वुडन बुलक्स दे गेट मनी अँड स्वीट्स.'

पहिलं वाक्य, 'इज' एक, उत्तर 1. दुसऱ्यात 'सेलिब्रेटेड' आहे, पण मराठीत ते 'साजरा केला जाणारा' इथेच अडकलं आहे, कर्ताही नाही. 'इट इज सेलिब्रेटेड' केलं की झालं. तिसऱ्यात 'वॉश', 'पेंट', 'मेक्स', तीन क्रियापदं, जोडशब्द शून्य, उत्तर 3. कर्ता बदललेला असल्यामुळे इथे माळेची सवलत लागू होत नाही. 'वी वॉश द बुलक्स अँड पेंट देअर हॉर्न्स, अँड माय मदर मेक्स पुरणपोळी.' तीन वजा दोन, 1.

चौथ्यापाशी थांबा. 'बिकॉज द बुलक्स वर्क ऑल इयर.' एक वजा एक, 0. बहुतेक वेळा अशा तुकड्याआधीचा पूर्णविराम खोडला की तो मागच्या वाक्याला जोडला जातो. इथे तसं केलं तर अर्थ होतो, बैल वर्षभर राबतात म्हणून आई पुरणपोळी करते. मुलाला तेच म्हणायचं असेलही. कदाचित त्याला म्हणायचं असेल की बैल राबतात म्हणून त्या दिवशी त्यांना कामाला जुंपत नाहीत, आणि ते वाक्य डोक्यातच राहिलं. हे वहीवरून कळत नाही. त्याला विचारा, 'हे कशाचं कारण आहे रे?' आणि त्याचं उत्तर इंग्रजीत लिहायला लावा: 'बिकॉज द बुलक्स वर्क ऑल इयर, वी गिव्ह देम रेस्ट ऑन दॅट डे.' अर्धं वाक्य म्हणजे बरेचदा अर्धा राहिलेला विचार असतो. लाल पेनानं तुम्हीच जोडून दिलं तर तो विचार तिथेच बुडतो.

पाचवं वाक्य 'देन'नं सुरू होतं, पण 'देन' जोडशब्द नाही आणि त्याच्याआधी पूर्णविराम आहे. बरोबर. शेवटच्यात 'इज', 'ब्रिंग', 'गेट' तीन, आणि 'अँड' मनी-स्वीट्सला जोडणारं, म्हणून मोजायचं नाही, उत्तर 3. 'द नेक्स्ट डे इज तान्हा पोळा. चिल्ड्रन ब्रिंग वुडन बुलक्स अँड गेट मनी अँड स्वीट्स.'

'बिकॉज'चे तुकडे येतात कुठून, हेही सांगतो. एक तर मराठीत 'मी आलो नाही. कारण नदीला पूर होता.' असं दोन वाक्यांत लिहिणं चालतं. पण मोठी सवय लागते ती धड्याखालच्या प्रश्नोत्तरांत. 'व्हाय डिड द बॉय क्राय?' या प्रश्नाला मूल लिहितं, 'बिकॉज ही लॉस्ट हिज गोट.' तोंडी उत्तर म्हणून हे अगदी बरोबर आहे. लेखी उत्तरात प्रश्नातले शब्द घेऊन पूर्ण वाक्य हवं: 'द बॉय क्राइड बिकॉज ही लॉस्ट हिज गोट.' सहावीपासून हे एकच पाळलं तर पुढचं बरंच काम वाचतं. आणि 'बिकॉजनं वाक्य सुरू करायचं नाही' हा नियम कृपा करून शिकवू नका. 'बिकॉज द रिव्हर वॉज इन फ्लड, आय डिड नॉट कम.' हे शुद्ध वाक्य आहे. गौण भाग आधी आला तर मध्ये स्वल्पविराम, नंतर आला तर सहसा नको. 'सच अ‍ॅज कॉटन, तूर अँड सोयाबीन.' असा 'उदाहरणार्थ'वाला तुकडाही याच जातीचा. त्याच्याआधीचा पूर्णविराम काढून स्वल्पविराम द्यायचा.

अर्धं वाक्य प्रत्येक ठिकाणी चूक असतं असंही नाही. संवादात, जाहिरातीत, फलकावर, शीर्षकात, सूचनेतल्या मुद्द्यांत तुकडे चालतात आणि शोभतातही. पत्र, वृत्तान्त, निबंध, भाषण यांत पूर्ण वाक्यं हवीत. मूल इंग्रजीत बोलत असेल तेव्हा वजाबाकी अजिबात काढू नका. 'व्हेअर डिड यू गो?' ला 'टू आर्वी' हेच माणसासारखं उत्तर आहे. आणि कोणाला कितपत शिकवायचं हे मूल कुठे अडलं आहे यावर ठरतं. चुकलेला परिच्छेद त्याला मोठ्यानं वाचायला सांगा. योग्य जागी थांबून वाचत असेल तर रचना त्याला येते, फक्त चिन्हं राहतात. त्याला आठवडाभराचा सराव पुरेल. एका दमात वाचत सुटत असेल, तर क्रियापदापासून सुरुवात करावी लागेल.

सराव असा घ्या. पहिले दोन आठवडे रोज 15 मिनिटं, 10 वाक्यं, आणि फक्त क्रियापदाखाली दुहेरी रेघ. स्पेलिंग, आर्टिकल, काही दुरुस्त करायचं नाही. तिसऱ्या आठवड्यात जोडशब्दाभोवती गोल. चौथ्या आठवड्यापासून समासात वजाबाकीचं उत्तर. वाक्यं मुलांच्याच जुन्या वह्यांतून घ्या, पुस्तकातली घेऊ नका, कारण पुस्तकातली सगळी बरोबरच असतात. वही तपासताना तुम्ही समासात फक्त 0, 2 किंवा 3 लिहा आणि वही परत द्या. चूक कुठे आहे ते मुलानं शोधायचं, दुरुस्तीही त्यानंच करायची. मोबाइलवरचं शुद्धलेखन तपासणारं अ‍ॅप यासाठी नको. ते दुरुस्त करून टाकतं, आणि का केलं हे मुलाला कळतच नाही.

परीक्षेत मोजत बसायला वेळ नसतो, म्हणून शेवटच्या पाच मिनिटांसाठी एक युक्ती शिकवून ठेवा. आपला परिच्छेद खालून वर वाचायचा: शेवटचं वाक्य आधी, मग त्याच्या वरचं, एकेक सुटं. वरून खाली वाचताना अर्धा तुकडा मागच्या वाक्याच्या ओघात पूर्ण वाटतो. सुटा वाचला की 'विच इज व्हेरी डीप.' लगेच खटकतो. रन-ऑन या युक्तीनं सापडत नाहीत. त्यांच्यासाठी फक्त स्वल्पविरामांवर बोट ठेवत जायचं, आणि प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना कर्ता-क्रियापदाची पूर्ण जोडी आहे का, आणि असेल तर मध्ये जोडशब्द आहे का, एवढंच बघायचं.

तुमच्या मुलांच्या वहीतला एखादा परिच्छेद, नाव झाकून, न सुधारता इथे टाकलात तर त्यावर वजाबाकी करून दाखवतो. आठवीचा एक आणि दहावीचा एक टाकलात तर जास्त बरं. दोन्ही इयत्तांमध्ये मुलं वेगवेगळ्या जागी अडकतात.